मियाटा टर्बो, मेगास्क्वर्ट ३ आणि झुलणारा बूस्ट: चूक पीआयडीत आहे की पाइपात?

वळणवाट (रॉली, नॉर्थ कॅरोलायना), शनिवार रात्री

मंडळी, तीन आठवडे झाले, मुलं झोपली की रोज गॅरेजमध्ये लॅपटॉप घेऊन बसतोय आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, काही एका जागी थांबत नाहीये. गाडी १९९९ ची माझदा मियाटा, १.८ लिटर, इंजिन आतून पूर्ण स्टॉक, रॉड पिस्टन कशालाच हात लावलेला नाही. गॅरेटचा जीटी२५६०आर टर्बो, वेस्टगेट टर्बोच्या आतलाच, अ‍ॅक्च्युएटरची स्प्रिंग ०.५ बारची. कंपनीचा कॉम्प्युटर काढून मेगास्क्वर्ट ३ बसवलाय आणि बूस्टसाठी मॅकचा तीन तोंडांचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) आहे. टार्गेट १८० केपीए (किलोपास्कल, वातावरणाचे १०० धरून), म्हणजे समुद्रसपाटीला ०.८ बार बूस्ट, पीएसआयमध्ये साधारण साडेअकरा.

होतंय असं की तिसऱ्या गिअरमध्ये ३००० वरून पूर्ण पाय दिला की बूस्ट सुसाट वर जातो, २०५ ला टेकतो, मग १६५ ला पडतो, मग १९०, परत १७०, असा झुलत राहतो. ६००० च्या पुढे झुलणं थांबतं पण तिथे वेगळंच, आकडा हळूहळू चढत १८८ पर्यंत जातो आणि खाली यायचं नावच घेत नाही. परवा व्हीआयआरला (व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवे) ट्रॅक डे होता, सकाळी मस्त थंडी, चौथ्या गिअरमध्ये २१० चा ओव्हरबूस्ट कट (बूस्ट मर्यादेबाहेर गेला की इंजिनाचा जोर तोडणारी सोय) लागला आणि गाडीने असा हिसका दिला की मी त्या सेशनमधून सरळ पिटमध्ये आलो, दिवसभर परत पूर्ण पाय दिलाच नाही.

पीआयडीचे, म्हणजे टार्गेट आणि खरा बूस्ट यातला फरक बघून सोलेनॉइड सुधारणाऱ्या गणिताचे, तिन्ही आकडे (पी, आय, डी) वर खाली करून झाले. पी कमी केला तर झुलणं मंद होतं पण मोठं होतं, आय कमी केला तर टार्गेट गाठतच नाही. कुणी हे केलंय का? मला हे इंजिन मोडायचं नाहीये, सात वर्षं झाली ही गाडी माझ्याकडे आहे.

कॅलिब्रेशनवाला (पुणे), रविवार सकाळी

लॉग टाका. आणि लॉगमध्ये नुसता बूस्ट नको, सोलेनॉइडची ड्यूटी (तो किती टक्के वेळ चालू आहे), थ्रॉटल, आरपीएम आणि टार्गेट हे चारही एकाखाली एक दिसले पाहिजेत. विशेषतः ६००० च्या पुढे आकडा चढतो तेव्हा ड्यूटी किती आहे ते मला बघायचंय. माझा अंदाज आहे की तिथे ड्यूटी शून्य असणार.

आणि एक विनंती, आता पीआयडीला अजिबात हात लावू नका. माझं रोजचं काम इंजिन कॅलिब्रेशनचं आहे, पंधरा वर्षं झाली, आणि मी हे इतक्यांदा बघितलंय की सांगताना आवाज चढतो. माणसं स्क्रीनवरच्या आकड्यांशी खेळत बसतात कारण ते हाताशी असतात, बॉनेट उघडावं लागत नाही, आणि खरा घोळ असतो पाइपात, स्प्रिंगमध्ये किंवा वेस्टगेटच्या भोकात.

नाशिकचा_नवशिक्या, रविवार दुपारी

दादा मध्येच विचारतो त्याबद्दल माफ करा, पण वेस्टगेट आणि सोलेनॉइड नक्की काय करतात ते कोणी साध्या भाषेत सांगेल का? माझ्याकडे जुनी एस्टीम आहे, पुढेमागे तिला टर्बो लावायचा विचार आहे, अजून काहीच घेतलेलं नाही, आधी शिकायचंय. बूस्ट कॉम्प्युटर ठरवतो म्हणतात मग स्प्रिंग कशाला?

कॅलिब्रेशनवाला, रविवार रात्री

चांगलं केलंत आधी विचारलंत. घरचा कुकर डोळ्यासमोर आणा. आत वाफ तयार होते, शिट्टीचं वजन ठरवतं की किती दाबाला वाफ बाहेर सुटणार. टर्बोमध्ये वजनाच्या जागी स्प्रिंग. एक्झॉस्टचा गॅस टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात ढकलतो, हवा जास्त गेली की एक्झॉस्ट जास्त, मग टर्बो अजून जोरात, हे चक्र आपणहून थांबत नाही. म्हणून टर्बाइनच्या आधी एक झडप ठेवलेली असते, ती उघडली की थोडा गॅस टर्बाइनला वळसा घालून सरळ सायलेन्सरकडे जातो. ती झडप म्हणजे वेस्टगेट. तिला उघडणारा डबा म्हणजे अ‍ॅक्च्युएटर, त्यात पडदा आणि स्प्रिंग. कॉम्प्रेसरचा दाब एका बारीक पाइपातून त्या डब्यात येतो, ०.५ बार झाला की स्प्रिंग दबते, झडप उघडते, बूस्ट तिथेच राहतो.

आता कॉम्प्युटर काय करतो, तर तो स्प्रिंग बदलू शकत नाही, तो फक्त त्या डब्यापर्यंत पोचणारा दाब कमी करू शकतो. मधल्या पाइपात सोलेनॉइड बसवला, तो सेकंदाला पंचवीस तीस वेळा उघडझाप करतो आणि डब्यात येणारी थोडी हवा बाहेर सोडून देतो. प्रत्यक्षात दाब ०.८ झालेला असतो पण डब्याला तो ०.५ च वाटतो, म्हणून झडप उशिरा उघडते. ढोबळ हिशेब असा, ड्यूटी ४० टक्के असेल तर डब्याला ६० टक्के दाब पोचतो. स्प्रिंग ५० केपीए, ५० भागिले ०.६ म्हणजे ८३, त्यात वातावरणाचे १०० मिळवले की १८३. खरा सोलेनॉइड इतका सरळ वागत नाही, १० ते १५ टक्क्यांच्या खाली आणि ८५ च्या वर त्याला फारसं काही कळत नाही, पण मधल्या भागात हा हिशेब आश्चर्य वाटावं इतका जमतो.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॉम्प्युटर बूस्ट स्प्रिंगच्या वर नेऊ शकतो, स्प्रिंगच्या खाली कधीच आणू शकत नाही. ड्यूटी शून्य म्हणजे त्याच्या हातातलं सगळं संपलं.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने एपीसी नावाची पद्धत आणली, त्यात सोलेनॉइड वेस्टगेटचा दाब सांभाळायचा आणि नॉक सेन्सरने ठोका (इंधन आपोआप पेटल्याचा आवाज) ऐकला की बूस्ट खाली यायचा, म्हणजे टाकीत हलक्या दर्जाचं पेट्रोल असलं तरी इंजिन सुरक्षित. आज आपण लॅपटॉपवर करतो ते मुळात तेच.

ठाणेकर_आरएस, रविवार रात्री

वरच्या सगळ्याला अनुमोदन, आणि माझा अनुभव लिहितो कारण तो महाग पडलाय. माझी जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, इथे मिळायची ती दीडशे अश्वशक्तीची. तिच्यावर दुसरा कॉम्प्युटर बसवला, काम एका गॅरेजला दिलं. त्यांनी सोलेनॉइडचे पाइप उलटे जोडले. म्हणजे वीज नसताना डब्याचं तोंड बाहेरच्या हवेला जोडलेलं आणि कॉम्प्रेसरकडचं तोंड बंद. डब्याला दाब मिळतच नव्हता, वेस्टगेट मिटलेलाच. त्यात ओव्हरबूस्ट कट लावलेला नव्हता, बूस्ट १.६ बारच्या पुढे गेला, एक रॉड वाकला, इंजिन उतरवावं लागलं. गाडी पाच महिने उभी होती.

तेव्हापासून मी कुठल्याही सोलेनॉइडच्या अंगावरच्या १, २, ३ या आकड्यांवर विसंबत नाही. वायर काढून ठेवायची, डब्याकडे जाणाऱ्या तोंडातून फुंकायचं, हवा कॉम्प्रेसरकडच्या तोंडातून यायला हवी. मग १२ व्होल्ट द्यायचे, टक असा आवाज येतो, परत फुंकायचं, आता हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून यायला हवी. दोन मिनिटांचं काम आहे. वायर तुटली, फ्यूज उडाला, कॉम्प्युटर झोपला तरी गाडी स्प्रिंगच्या दाबावर यायला हवी, ही जोडणी तशीच असली पाहिजे.

वळणवाट, सोमवार रात्री

लॉग टाकला आहे. कॅलिब्रेशनवाले, तुमचा अंदाज तंतोतंत. ६२०० ला ड्यूटी शून्य, ६८०० पर्यंत शून्यच, आणि बूस्ट १७८ वरून १८८. म्हणजे कॉम्प्युटर केव्हाचा हात टेकून बसलाय आणि मी आय चा आकडा बदलत होतो.

फुंकून पण बघितलं, जोडणी बरोबर आहे.

कॅलिब्रेशनवाला, मंगळवार सकाळी

आता सोलेनॉइड पूर्ण बाजूला काढा. कॉम्प्रेसरच्या तोंडावरून सरळ एक छोटा पाइप अ‍ॅक्च्युएटरला. तिसऱ्यात आणि चौथ्यात पूर्ण पाय देऊन एक एक धाव (पुल), ३००० ते ६८००. रस्त्यावर नको, डायनो (गाडी जागेवर पळवून मोजायचं यंत्र) मिळत असेल तर तास घ्या. कॉम्प्युटरचा संबंध नसताना गाडी काय करते ते कळलं पाहिजे.

त्याआधी गळती बघा. इनटेक पाइपाला टोपी लावून ०.७ बारची हवा भरा, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. आणि इंधनाचा टेबल १८० वर संपत असेल तर तो आजच २२० पर्यंत भरून ठेवा, स्पार्कचा पण. बूस्ट चुकून वर गेला तर त्या एका सेकंदात इंजिनाला बरोबर इंधन आणि मागे घेतलेला स्पार्क मिळायला हवा. हे कित्येक जण विसरतात, टार्गेट १८० म्हणून टेबल १८० ला संपवतात आणि २०५ ला शेवटच्या ओळीचेच आकडे वापरले जातात. मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) कुठला आहे? मेगास्क्वर्टवर सहसा येतो तो २५० केपीएपर्यंतच वाचतो, तुमच्या टार्गेटला पुरेसा आहे.

विद्युल्लता (सोलापूर), मंगळवार रात्री

मी मोटर कंट्रोलच्या क्षेत्रातली, टर्बोवर लिहिणार नाही पण सोलेनॉइडच्या विजेबद्दल तीन गोष्टी बघून घ्या.

तुमच्या सेटिंगच्या फोटोत फ्रिक्वेन्सी ७८ हर्ट्झ दिसतेय. म्हणजे एक फेरा पावणेतेरा मिलिसेकंदांचा. अशा झडपेला उघडायला आणि मिटायलाच काही मिलिसेकंद लागतात, मग २० टक्के आणि ३० टक्के यातला फरक तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि मध्येच कुठेतरी ती एकदम प्रतिसाद देते. २६ ला आणा, फेरा ३८ मिलिसेकंदांचा होईल. फार खाली पण नेऊ नका, डब्यातली दांडी प्रत्येक फेऱ्याला थरथरायला लागेल.

दुसरं, कॉइलला उलटा डायोड आहे का? कॉम्प्युटर सोलेनॉइडची अर्थिंगची बाजू चालूबंद करतो, १२ व्होल्ट फ्यूजमधून कायम असतात. प्रवाह तोडला की कॉइल स्वतः मोठा व्होल्टेज उसळवते आणि तो झटका ट्रान्झिस्टरवर येतो. काही कॉम्प्युटरमध्ये संरक्षण आतच असतं, काहींमध्ये बाहेरून लावावं लागतं, तुमच्या आउटपुटचं मॅन्युअल उघडून बघा. प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास आहे, साधा एक अँपिअरचा डायोड चालेल, पट्टा असलेली बाजू १२ व्होल्टकडे. आणि हे इतकं ताणून सांगण्याचं कारण असं की ट्रान्झिस्टर मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. शॉर्ट म्हणजे सोलेनॉइड कायम चालू, म्हणजे ड्यूटी १०० टक्के, म्हणजे ठाणेकरांच्या गाडीला झालं तेच, फक्त वायरिंगच्या वाटेने.

तिसरं, आउटपुटची दिशा नॉर्मल आहे की इन्व्हर्टेड ते इंजिन बंद असताना टेस्ट मोडमध्ये २० टक्के देऊन बघा. मल्टिमीटर कॉइलच्या दोन टोकांवर ठेवला तर सरासरी अडीच व्होल्टच्या आसपास दिसायला हवे. साडेनऊ दिसले तर दिशा उलटी आहे.

वळणवाट, शुक्रवार रात्री

ताई, डायोड नव्हता. मॅन्युअल वाचलं, माझ्या आउटपुटला बाहेरून लावायला सांगितलंय, मी ते पान वगळून पुढे गेलो होतो. लावला. फ्रिक्वेन्सी २६ केली. दिशा बरोबर होती. मनापासून धन्यवाद, हा धोका माझ्या डोक्यातच नव्हता.

गळतीच्या चाचणीत इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणारा) गार बाजूचा एक क्लॅम्प फसफसत होता, आवळला. आज दीड तास डायनो घेतला. सोलेनॉइड नाही, नुसती स्प्रिंग. ३५०० ला १५०, एकदम बरोबर. ५५०० ला १६४. ६८०० ला १८७. दोन्ही गिअरमध्ये चित्र तेच, चौथ्यात दोन तीन केपीए जास्त.

कॅलिब्रेशनवाला, शनिवार सकाळी

झालं निदान. याला बूस्ट क्रीप म्हणतात. झडप पूर्ण उघडी आहे पण भोक लहान आहे, वरच्या आरपीएमला जेवढा एक्झॉस्ट येतो तेवढा त्या भोकातून वळसा घेऊच शकत नाही, उरलेला टर्बाइनलाच फिरवतो. तुम्ही सायलेन्सर मोकळा केला असेल, ३ इंची? मग टर्बाइनच्या मागे अडथळा कमी, टर्बो अजून हलका फिरतो, क्रीप अजून वाढतो. यावर जगातला कुठलाही कॉम्प्युटर काही करू शकत नाही.

उपाय ग्राइंडरचा. टर्बाइन हाउसिंग काढून वेस्टगेटचं भोक मोठं करायचं, पण झडपेची चकती चारही बाजूंनी नीट टेकेल इतकी कड शिल्लक ठेवून, आणि टर्बाइनकडून येताना जी धारदार कड असते ती गोल करायची म्हणजे गॅसला वळायला सोपं जातं. चकती किती अंश उघडते ते पण बघा, कधी कधी डाउनपाइपच्या (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) भिंतीला अडकते. हे काम घाईत करू नका, तासलेला एक कण टर्बाइनमध्ये राहिला तर पात्याचं नुकसान होईल.

आणि सोलेनॉइड कुठे बसवलाय? फोटोत फायरवॉलवर दिसतोय, पाइप लांब वाटतात.

वळणवाट, शनिवार रात्री

हो, सायलेन्सर ३ इंची आहे. सोलेनॉइड फायरवॉलवर, कारण तिथे एक्झॉस्टची उष्णता कमी लागते, आणि वायर जवळ पडते. दोन्ही पाइप मिळून मोजले, १ मीटर २० सेंटिमीटर.

कॅलिब्रेशनवाला, रविवार सकाळी

झुलण्याचं अर्धं कारण तेच. पाइपात हवा भरायला आणि रिकामी व्हायला वेळ लागतो, कॉम्प्युटर आत्ता सांगतो आणि वेस्टगेट थोड्या वेळाने ऐकतो. तोपर्यंत कॉम्प्युटरला वाटतं ऐकलंच नाही, तो अजून जोरात सांगतो. मग दोन्ही एकदम लागू होतात. उशिराने ऐकणाऱ्या कुठल्याही यंत्रावर पीआयडी झुलतोच. पाइप आखूड करा, सोलेनॉइड टर्बोच्या जवळ पण उष्णतेच्या पत्र्याआड, सिलिकॉनचा ४ मिलिमीटरचा जाड भिंतीचा पाइप, आणि प्रत्येक टोकाला क्लिप. अ‍ॅक्च्युएटरच्या दांडीचा ताण पण बघा, दाब नसताना चकती बोटाने हलता कामा नये, दांडी बसवताना थोडी ओढून बसवावी लागली पाहिजे. सैल असेल तर एक्झॉस्टचा दाबच तिला उघडतो आणि टर्बो उशिरा जागा होतो.

ठाणेकर_आरएस, रविवार संध्याकाळी

उंचीचं पण कोणीतरी लिहा राव, आपल्याकडे हा फार गोंधळ होतो. स्प्रिंगला बाहेरच्या हवेच्या वरचा दाब कळतो आणि कॉम्प्युटर मोजतो पूर्ण दाब. ०.५ ची स्प्रिंग ठाण्यात १५० दाखवते, पुण्यात हवा ९५ च्या आसपास म्हणून १४५, महाबळेश्वरला तेराशे मीटरच्या वर ८६ म्हणून १३६. बूस्ट कमी झाला म्हणून लोक सोलेनॉइड बदलतात, अहो तो बरोबरच चालतोय.

उलट बाजू जास्त वाईट. कॉम्प्युटरमध्ये १८० चं टार्गेट पक्कं लिहिलं असेल तर ठाण्यात टर्बोला हवा पावणेदोनपटीच्या थोडी वर दाबायची असते. महाबळेश्वरला १८० भागिले ८६, दुपटीच्या वर. लेहला हवा ६५ च्या आसपास, तिथे पावणेतीनपट. टर्बो बिचारा त्याच्या मर्यादेबाहेरच्या वेगाने फिरतो, हवा तापते, इंजिन ठोकायला लागतं. घाट चढून जाणाऱ्या गाडीत टार्गेट बाहेरच्या हवेप्रमाणे खाली यायलाच हवं.

कॅलिब्रेशनवाला, रविवार रात्री

अगदी. आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानाप्रमाणेही. मी ५० अंशांपासून टार्गेट उतरवायला लागतो आणि ७० ला सरळ स्प्रिंगवर आणतो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तापलेला इंटरकूलर घेऊन पूर्ण पाय दिला तर पहिले काही सेकंद फार धोक्याचे असतात. इंजिन गार असताना पण बूस्ट नको, कूलंट ७० च्या वर गेल्याशिवाय माझ्या टेबलात ड्यूटी शून्य.

वळणवाट, तीन आठवड्यांनी, शनिवार रात्री

मंडळी, उशीर झाला, टर्बो उतरवणं चढवणं एकट्याने केलं, दोन शनिवार रविवार गेले, एक्झॉस्टचा एक स्टड तुटला तो काढण्यात एक अख्खा दिवस. भोक मोठं केलं, कड गोल केली, तीनदा धुतलं. चकती डाउनपाइपला खरंच एका बाजूने घासत होती, तिथला पत्रा आत घेतला. दांडीचा ताण वाढवला. सोलेनॉइड आता टर्बोपासून एका वितीवर, पत्र्याआड, दोन्ही पाइप मिळून ३५ सेंटिमीटर.

नुसत्या स्प्रिंगवर ३५०० ला १५२ आणि ६८०० ला १५६. ती रेष स्क्रीनवर आडवी बघितली तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटाच ओरडलो, बायको धावत खाली आली की काही लागलं का.

मग सोलेनॉइड जोडला, ड्यूटी शून्य, तोच आकडा आला, म्हणजे जोडणी ठीक. मग ओपन लूप, पीआयडी बंद, एकच ड्यूटी पूर्ण पुलभर. २० टक्के १६३, ३० टक्के १७१, ४० टक्के १८२, ४५ टक्के १८९. तुमचा भागाकाराचा हिशेब जवळजवळ जुळला. वरच्या आरपीएमला तोच बूस्ट ठेवायला ड्यूटी थोडी कमी लागते, त्याप्रमाणे टेबल भरला. ओपन लूपमध्येच गाडी १७८ ते १८४ मध्ये राहते, झुलणं नाही काही नाही. आता पीआयडीला करायला फारसं उरलंच नाहीये असं वाटतंय.

कॅलिब्रेशनवाला, रविवार सकाळी

तसंच असायला हवं! मूळ टेबलने नव्वद टक्के काम करायचं, पीआयडीने फक्त गरमथंडीचा फरक भरून काढायचा. आता क्लोज्ड लूप (पीआयडी चालू) लावा, त्या ड्यूटीचाच सुरुवातीचा टेबल द्या. आय आणि डी शून्य, नुसता पी, हलकं झुलायला लागेपर्यंत वाढवा आणि मग अर्ध्यावर आणा. मग थोडासा आय, टार्गेटपासून राहिलेले दोन तीन केपीए भरण्यापुरता. डी अगदी शेवटी, वर उसळी उरली असेल तर. माझे आकडे देत नाही मुद्दाम, कॉम्प्युटर बदलला की त्यांचा अर्थ बदलतो.

पहिल्या लॉगमधली २०५ ची उसळी मात्र वेगळ्या कारणाने होती, ते आत्ता सांगतो. तुमचा लोअर लिमिट डेल्टा १० होता. म्हणजे बूस्ट १७० होईपर्यंत कॉम्प्युटर वेस्टगेट घट्ट मिटवून ठेवतो, टर्बो लवकर जागा व्हावा म्हणून, आणि १७० ला एकदम नियंत्रण सुरू करतो. तोवर टर्बोने इतका वेग घेतलेला असतो की १० केपीएमध्ये तो थांबूच शकत नाही. ३० करा. टर्बो जागा व्हायला शंभर एक आरपीएम उशीर होईल, होऊ दे. शिवाय आय जास्त असला की टर्बो जागा होत असतानाची चूक तो साठवत जातो आणि टार्गेट आलं तरी साठलेलं ओतत राहतो, तेही त्यात होतं.

आणि टार्गेट सगळीकडे १८० ठेवू नका. मियाटाच्या १.८ चे स्टॉक रॉड नाजूक आहेत आणि त्यांना वरच्या पॉवरपेक्षा खालचा टॉर्क जास्त वाकवतो. ३००० ते ३५०० ला सिलिंडरमध्ये दाब सर्वात वाईट पडतो, ठोका पण तिथेच लागतो. तिथे १५० ठेवा, ४००० ला १६५, ४५०० च्या पुढे १८०. थ्रॉटलप्रमाणे पण उतार द्या, अर्ध्या पायाला पूर्ण बूस्ट आला तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं सांभाळायला अवघड जातं.

नाशिकचा_नवशिक्या, रविवार दुपारी

हे सगळं मी वहीत लिहून घेतोय, खरंच. दोन प्रश्न. मेगास्क्वर्टऐवजी स्पीडुइनो कॉम्प्युटर घेतला तर हेच लागू होईल का, मला बजेट कमी आहे. आणि आपल्याकडे आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे त्याने काही फरक?

कॅलिब्रेशनवाला, रविवार रात्री

स्पीडुइनोमध्ये बूस्टचं ओपन आणि क्लोज्ड लूप दोन्ही आहे आणि ट्यूनरस्टुडिओ हेच सॉफ्टवेअर चालतं, म्हणून स्क्रीन पण ओळखीची वाटेल. क्रम तोच ठेवा.

ई२० चं असं, साध्या पेट्रोलला हवा १४.७ पट लागते आणि इथेनॉलला फक्त ९ पट, म्हणजे मिश्रणाला जास्त इंधन ओतावं लागतं. जुने एअर फ्युएलचे आकडे पाठ असतील तर ते फसवतात. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा) लॅम्डावर, म्हणजे लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे त्यावर, ठेवा, पूर्ण बूस्टला ०.७८ ते ०.८० च्या आसपास, इंधन कुठलंही असो. इंजेक्टर आणि पंपाला वाव आहे का ते आधी तपासा. जुन्या एस्टीमचे रबरी पाइप इथेनॉलने खराब होऊ शकतात, तेही बदला. आणि आपल्याकडे गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, रस्त्यावरच्या गाडीला हे नको. फक्त ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवणार असाल तरच याच्या मागे लागा.

वळणवाट, पुढचा रविवार

काल परत व्हीआयआर. सकाळी ४ अंश, तीच थंडी ज्यात मागच्या वेळी कट लागला होता. इंजिन नीट गरम करून चौथ्यात पूर्ण पाय दिला. सर्वात वरचा आकडा १८४, नंतर १७९ ते १८१, ६८०० पर्यंत. दुपारी २१ अंश, तरी तेच, फक्त ड्यूटी तीन टक्के वर. ओव्हरबूस्ट कट १९८ ला आणून ठेवलाय, दिवसभरात एकदाही लागला नाही. तो कट खरंच चालतो का हे पण बघितलं, मर्यादा मुद्दाम १६० ला ठेवून एकदा लावून घेतला, मग परत १९८.

खाली टॉर्क कमी केल्याचं आधी वाईट वाटलं होतं, पण वळणातून बाहेर पडताना गाडी आता ओळखीची वाटते, पाय जेवढा देतो तेवढीच पुढे जाते.

कॅलिब्रेशनवाले, ताई, ठाणेकर, तुमचे उपकार आहेत. लॉग आणि तिन्ही टेबल वर जोडले आहेत.

विद्युल्लता, रविवार रात्री

छान झालं! दर महिन्याला एकदा तो सोलेनॉइडचा कनेक्टर उघडून बघा, टर्बोजवळ आणलाय म्हणजे वायरचं आवरण उष्णतेने कडक होईल.

वळणवाट, रविवार रात्री

हो ताई, वायरवर उष्णतेची जाळी चढवलीये, तरी बघत राहीन. पाइपाच्या क्लिपा पण प्रत्येक ट्रॅक डे च्या आधी.